कपाटातल्या पोरी

आमच्या घरात ऊन येत नाही. म्हणजे येतं, पण आधी समोरच्या इमारतीच्या भिंतीवर आदळतं, तिथून घसरतं आणि आमच्या खिडकीपर्यंत पोचेस्तोवर इतकं दमलेलं असतं की त्याला बसायला खुर्ची द्यावीशी वाटते. मला हे इतकी वर्षं कळलंच नव्हतं. भर दुपारी हॉलमध्ये दिवा न लावता पेपर वाचता येतो, म्हणजे घर उजेडाचं, असा माझा समज. मग एकदा मोबाइलवर उजेड मोजायचं ॲप घेतलं. हॉलमध्ये ३०० लक्स. बाहेर भर उन्हात साधारण एक लाख. माणसाच्या डोळ्यातली बाहुली मोठी होऊन जुळवून घेते म्हणून आपल्याला फरक जाणवत नाही. झाडाला बाहुली नसते. माझी सात मनीप्लँट्स आणि एक तुळस का गेली, त्याचा पंचनामा त्या दिवशी पूर्ण झाला.

शहाण्या बाईने इथे थांबून प्लॅस्टिकची फुलं आणली असती. मी टोमॅटो लावायचं ठरवलं. घरात, कपाटात, दिव्याखाली. आणि शक्यतो फुकटात, कारण नवऱ्याने "हौसेला मोल नसतं" हे वाक्य उच्चारून झाल्यावर लगेच मोल विचारलं होतं.

आता गंमत अशी की खिडकी नसलेल्या बंद जागेत, कमी पैशात, नवख्या माणसाने झाड कसं वाढवावं यावर जगातलं सगळं सखोल ज्ञान एकाच झाडाबद्दल आहे. ते झाड टोमॅटो नव्हे. टोमॅटोवाले लिहितात, "भरपूर सूर्यप्रकाशाची जागा निवडा." ती असती तर मी कपाट कशाला रिकामं केलं असतं? याउलट गांजावाले! दिवा किती इंचांवर टांगायचा, मातीचा सामू किती, पंखा कुठल्या कोपऱ्यात, पान वर वळलं तर काय आणि खाली वळलं तर काय. इतक्या मायेने लिहिलेलं बालसंगोपनाचं पुस्तकही मी वाचलेलं नाही. शिवाय ही मंडळी झाडाचं नाव क्वचितच घेतात. नुसतं "आपलं झाड". लाडात आली की "पोरी". पोरींना आज पाणी नको. पोरींच्या डोक्यावर दिवा फार खाली आणू नका.

मी ठरवलं, जिथे जिथे "झाड" येईल तिथे टोमॅटो वाचायचं. झाड ते झाड. माझं पीक तर कुठल्याही देशात गुन्हा नाही. पुढच्या चार महिन्यांतलं माझं प्रत्येक दुःख या एका निर्णयातून फुटलेलं आहे.

कपाट होतं ते जुनं, कपड्यांचं, एक दार न लागणारं. आतून उजेड परतावा म्हणून मी स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल चिकटवली. दोन अख्खी बंडलं लागली. चुरगळलेली फॉइल उजेड नीट पसरवत नाही, साधा पांढरा रंग तिच्याहून चांगला, हे सगळी लावून झाल्यावर वाचलं. रंगाचा अर्धा डबा माळ्यावर होता. फॉइल सोलताना कपाटाचा मूळ रंगही सुटून आला, तेव्हा आत पांढरा मारलाच आणि बाहेरून जे दिसत होतं त्यावर मुलीची चित्रं चिकटवली. हवा खेळती राहावी म्हणून बंद पडलेल्या कॉम्प्युटरमधला पंखा काढला. तो १२ व्होल्टचा, आणि घरात सापडलेला मोबाइलचा चार्जर ५ व्होल्टचा. तरी फिरतो. निवृत्त माणूस सकाळी फिरतो तसा, पण फिरतो.

बियाणं घरचंच. मऊ पडलेला एक टोमॅटो पिळला की पन्नासेक बिया निघतात, हे काय विकत घ्यायचं? फक्त टोमॅटोच्या बीभोवती एक गिळगिळीत आवरण असतं आणि ते बीला रुजू देत नाही. फळाच्या आत ओलाव्यातच कोंब फुटू नये, ही निसर्गाची सोय. ते आवरण सुटावं म्हणून गर थोड्या पाण्यात घालून दोन-तीन दिवस आंबवायचा. मी वाटी फ्रिजमागे उबेला ठेवली आणि कुणाला सांगायला विसरले. तिसऱ्या दिवशी नवऱ्याने सबंध स्वयंपाकघर हलवलं. "उंदीर मेलाय," म्हणाला. सिलिंडर, डबे, फ्रिज सगळं बाहेर काढून घामाघूम होऊन त्याने ती वाटी शोधली आणि दोन बोटांत धरून माझ्यापुढे आणली. "हे काय आहे?"

"बियाणं."

तो काही बोलला नाही. वीस वर्षांच्या संसारात त्याने जे काही शिकून घेतलंय त्यातलं हे सगळ्यात उपयोगी.

सातव्या दिवशी कोंब आले. वाकलेल्या मानेची, डोक्यावर बीचं टरफल टोपीसारखं अडकलेली बारा रोपं. मी घरादाराला बोलावून दाखवली. वर टांगला होता ९ वॅटचा साधा बल्ब, रोपांपासून हातभर उंच, कारण खिळा तिथेच होता. चार दिवसांत रोपं वीतभर उंच झाली. मला वाटलं, काय वाढ आहे! वाढ नव्हती ती, शोधाशोध होती. उजेड कमी पडला की रोप सगळी शक्ती उंची गाठण्यात घालवतं, आणि छोट्या दिव्याचं अंतर दुप्पट केलं की उजेड निम्मा नाही, चौथाई होतो. माझ्या खिळ्याच्या कृपेने ती बिचारी अंधारात चाचपडत होती. नवरा डोकावून म्हणाला, "नूडल्स उभ्या करून ठेवल्यात का?"

त्यांना बळ यावं म्हणून मी पाणी वाढवलं. सकाळी, दुपारी आणि रात्री झोपताना एकदा, तहान लागली तर असावं म्हणून. एका सकाळी दार उघडलं तर बाराच्या बारा आडव्या. मातीलगत प्रत्येक रोपाची मान दोऱ्यासारखी बारीक झालेली. शेतकरी याला रोपं कोलमडणं म्हणतात. ओल्याकिच्च मातीत बुरशी वाढते आणि कोवळा देठ बुडाशी कुजतो. सोप्या शब्दांत, मी त्यांना प्रेमाने बुडवून मारलं होतं. मागे राहिली चिलटं. ओल्या मातीत अंडी घालणारी, बारीक, काळी, आणि नेमकी चहाच्या कपावर येऊन विचार करत बसणारी. त्यांना पिवळा रंग आवडतो, म्हणून मुलीच्या वहीचं पिवळं कव्हर कापून त्यावर व्हॅसलीन फासलं आणि कपाटात टांगलं. दोन दिवसांत त्यावर इतकी चिलटं बसली की मुलगी म्हणाली, "आई, तिळगुळाची वडी!" ते कव्हर गणिताच्या वहीचं होतं हे नंतर कळलं.

दुसऱ्या खेपेला मी खर्च केला. एकच. दिवा घेतला. खोक्यावर मोठ्या अक्षरांत "१००० वॅट". नवऱ्याने प्लगला मीटर लावून मोजलं तर १००. हजार हा म्हणे "तितक्याच तोडीचा" आकडा असतो. या हिशेबाने मीही घरकामात दहा बायकांच्या तोडीची आहे, पण ते कुणी खोक्यावर छापत नाही.

दिवा मात्र कामाचा निघाला. जांभळा. पानांना मुख्यतः निळा आणि लाल उजेड लागतो, साधारण ४५० आणि ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा. हिरवा ती बाकीच्यांपेक्षा जास्त परत पाठवतात, म्हणून तर आपल्याला हिरवी दिसतात. हे मला तोंडपाठ होतं. तरीही पहिल्या रात्री दार उघडून पाहिलं आणि किंचाळले, कारण रोपं काळी ठिक्कर पडली होती. दिव्यात हिरवा रंगच नाही तर पानं परत काय पाठवणार? टॉर्च मारला, हिरवीगार. टॉर्च बंद, काळी. असं पाच-सहा वेळा केलं. मग लक्षात आलं की रात्रीचे अकरा वाजलेत, खिडकी उघडी आहे, आणि समोरच्या गॅलरीत काका उभे आहेत.

काका म्हणजे इमारतीचे डोळे. मला हात करून ते आत गेले आणि त्यांच्या खोलीतला दिवा विझला. पण पडदा हलत राहिला.

तिकडे माझा अभ्यास सुरूच होता. पोरींना रोज वारा द्या, हलू द्या, म्हणजे देठ जाड होतो, असं माझ्या गुरूंनी सांगितलेलं. हे खरंच आहे. हललेलं, स्पर्श झालेलं रोप बुटकं आणि दणकट होतं. आमचा निवृत्त पंखा पान हलवण्याइतका उत्साही नव्हता, म्हणून मी रोज सकाळी दहा मिनिटं कपाटात डोकं घालून सहाही रोपांवरून हात फिरवायची. पहिल्यांदा नवऱ्याने पाहिलं तेव्हा विचारलं, "काय करतेस?" मी म्हटलं, "गोंजारतेय." दुसऱ्यांदा त्याने विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "माझी पाठ पण धरलीये."

मग वासाचं प्रकरण. गुरू वासाबद्दल फार हळवे. शेजाऱ्यांना वास जाता कामा नये, कोळशाची गाळणी लावाच, असं पानोपानी. आता टोमॅटोच्या पानालाही उग्र वास असतो. त्याच्या अंगावर बारीक तेलकट केस असतात, हात लावला की बोटं पिवळी-हिरवी होतात आणि वास धुऊनही जात नाही. पण तो वास लपवायचं काय कारण होतं? काहीही नव्हतं. तरी मी माशांच्या टाकीत घालतात तो कोळसा आणला, नवऱ्याच्या जुन्या मोज्यात भरला आणि पंख्यापुढे बांधला. निवृत्त पंख्याने त्या क्षणी श्वास सोडला तो सोडलाच. शिवाय मोजा धुतलेला नव्हता. दोन दिवस कपाटातून जो वास येत होता त्यापुढे गांजा म्हणजे उदबत्ती.

एक विद्या मात्र फळली. झाड उंच होऊ लागलं की शेंडा हळूच वाकवून आडवा बांधायचा, म्हणजे बाजूच्या फांद्यांना सारखा उजेड मिळतो. मी ज्या टोमॅटोच्या बिया काढल्या होत्या तो थांबायचं माहीत नसलेल्या जातीचा होता. टोमॅटोत काही जाती ठरावीक उंचीवर फुलून थांबतात, काही मरेपर्यंत वाढत राहतात. शिवाय वीतभर उंचीच्या, कुंडीसाठीच काढलेल्या बुटक्या जातीही मिळतात. माझ्या परिस्थितीला त्याच योग्य होत्या, पण त्यांचं बियाणं फुकट नव्हतं ना. तेव्हा दर आठवड्याला पानाच्या बेचक्यातून फुटणाऱ्या बगलफुटी खुडायच्या, शेंडे वाकवायचे आणि घरातल्या यच्चयावत बुटांच्या नाड्यांनी कपाटाच्या दांडीला बांधायचे. नवरा चार महिने सँडल घालून ऑफिसला गेला.

अशात शाळेतून फोन आला. मुलीच्या बाई. आवाज अतिशय सौम्य, डॉक्टर रिपोर्ट सांगण्याआधी काढतात तसा. "तुम्हाला एक निबंध वाचून दाखवू का?" आणि त्यांनी वाचला. "माझे घर. आमच्या घरी एक कपाट आहे. त्यात जांभळा दिवा असतो. आई त्यात तिच्या पोरींना ठेवते. त्यांना बुटाच्या नाड्यांनी बांधले आहे. आई रोज त्यांना गोंजारते. बाबांच्या मोज्याचा वास येतो. आई म्हणाली कोणाला सांगायचे नाही."

सांगायचं नाही, कारण आधीच्या बारा जणी गेल्यानंतर मला पुन्हा हसं करून घ्यायचं नव्हतं, एवढंच. मी घाईघाईने म्हणाले, "अहो बाई, झाडं आहेत ती!" पलीकडे शांतता. मग आणखी सौम्य आवाजात, "कसली झाडं?"

फोटो पाठवल्यावर त्यांचं समाधान झालं. निबंधाला दहापैकी नऊ मिळाले. एक मार्क शुद्धलेखनाचा गेला.

चाळीस दिवस मी १८ तास दिवा देत होते. मग ग्रंथात आलं की आता दिवा १२ तासांवर आणा, रात्र मोठी झाली की झाड फुलावर येतं. मी टायमर फिरवला आणि वाट बघत बसले. आणि त्याच पानावर पुढे, ठळक अक्षरांत: नर झाडं ओळखा आणि ताबडतोब काढून टाका, नाहीतर पीक वाया जाईल.

ती रविवारची सबंध संध्याकाळ मी भिंग घेऊन कपाटात काढली. सहा रोपं. नर कोण? खोडाच्या आणि पानाच्या बेचक्यात बघा, लिहिलं होतं. बघितलं. एका रोपावर मला बरेच दिवस संशय होता, जरा आडदांडच वाढलेलं. त्याला उपटायला हात घातला तेवढ्यात मुलगी मागून म्हणाली, "आई, हे पिवळं फूल छान आहे." फूल! आडदांडावरच, तीन फुलं. आठवडाभरापूर्वीच आली असावीत. मी बेचक्यात बघत होते, ती फांदीवर होती.

तेव्हा कुठे मी टोमॅटोबद्दल वाचलं. पहिल्यांदा. ज्या झाडात नर आणि मादी वेगवेगळे असतात आणि ज्याला फुलायला लांब रात्री लागतात ते झाड ते, माझं नव्हे. टोमॅटोला दिवस लहान की मोठा याचं फुलण्यापुरतं काही सोयरसुतक नसतं. त्याच्या प्रत्येक फुलात नरही असतो आणि मादीही, सुखाने नांदत. मी पंधरा दिवस त्याला अर्धपोटी ठेवून कुटुंब फोडायला निघाले होते. टायमर १६ तासांवर आणला. वाचताना हेही कळलं की लाडाने चोवीस तास दिवा ठेवला असता तर टोमॅटोची पानं पिवळी पडली असती. त्यालाही झोप लागते. चला, एक गुन्हा माझ्या हातून राहून गेला म्हणायचा.

पण फूल आलं म्हणजे फळ येतं असं नाही. टोमॅटोचा पराग एका बारीक नळीत कोंडलेला असतो, मिठाच्या डबीत मीठ असावं तसा, आणि डबी हलवल्याशिवाय पडत नाही. बाहेर वारा हलवतो, भुंगे फुलाला लटकून गुणगुणतात आणि त्या कंपनाने पराग सांडतो. मधमाशीला ही युक्ती साधत नाही. मोठ्या हरितगृहांमध्ये पूर्वी माणसं विजेवर थरथरणारी कांडी घेऊन फुलाफुलाला लावत फिरायची. १९८० च्या दशकाच्या शेवटी भुंग्यांच्या पेट्या विकत मिळायला लागल्या तेव्हा त्यांची सुटका झाली. माझ्याकडे ना भुंगा, ना कांडी. पण नवऱ्याकडे विजेवर चालणारा टूथब्रश होता.

फुलाच्या देठाला मागून हलकेच टेकवायचा, दोन सेकंद. पिवळी धूळ उडते. फार समाधान मिळतं. रोज सकाळी तो अंघोळीला गेला की मी एक फेरी मारायची आणि ब्रश पुसून जागेवर ठेवायची. तीन आठवडे सुरळीत चाललं. मग एके दिवशी तो आरशासमोरून ओरडला, "या ब्रशला पानाचा वास का येतोय?" नवा ब्रश घ्यावा लागला. तो खर्च मी टोमॅटोच्या खात्यात धरलेला नाही.

तेरा फळं धरली. पहिल्या दोघांची बुडं काळी पडली, कॅल्शियम कमी पडलं म्हणून. मी अंड्यांची टरफलं कुटून घातली. ती मातीत विरघळायला इतका वेळ घेतात की त्याचा फायदा बहुधा मुलीच्या मुलांना होईल. खरं दुखणं पाण्याचं होतं. कॅल्शियम पाण्याबरोबरच वर चढतं, आणि मी कोलमडलेल्या बारा जणींच्या धसक्याने आता आठवडा आठवडा पाणीच देत नव्हते. पाणी नियमित केलं, उरलेले अकरा नीट वाढले.

नवऱ्याने हिशेब मांडला. मी नको म्हणत असताना. पहिले ४० दिवस १८ तास, मधले १५ दिवस १२ तास, शेवटचे ६० दिवस १६ तास, दिवा १०० वॅट. एकूण १८६ युनिट वीज. भागिले अकरा. "एक टोमॅटो सतरा युनिटला पडला," तो म्हणाला. "दिवा, कोळसा, फॉइल, ब्रश सोडून. आणि माझ्या नाड्या." मी त्याला सांगितलं की अंतराळ स्थानकावर फ्रँक रुबिओ नावाच्या अंतराळवीराने टोमॅटो तोडला, आणि तो त्याच्या हातून तरंगत जाऊन हरवला. सहकारी त्याला म्हणायचे, तूच खाल्लास. २०२३ च्या डिसेंबरात तो सापडल्याचं कळलं, पार सुकलेला, तोवर रुबिओ पृथ्वीवर परतला होता. त्या टोमॅटोचा हिशेब कर आधी. नवरा खरंच करायला बसला.

पिकलेले पहिले चार टोमॅटो मी टेबलावर बशीत मांडले आणि बघत बसले. तेवढ्यात बेल वाजली. दारात काका.

आत आले, बसले, पाणी प्यायले. पंख्याकडे बघितलं. मग खाली वाकून म्हणाले, "हे बघ, मला सगळं माहितीये. चार महिने बघतोय. मी कोणाला बोललो नाही, बोलणारही नाही."

"काका, तसं काही नाहीये, ते आपले साधे..."

"असू दे, असू दे," ते हाताने मला गप्प करत म्हणाले. "माझे गुडघे फार दुखतात गं. रात्री झोप नाही. थोडंसं मिळालं तर..."

मी उठून त्यांना कपाट उघडून दाखवलं. जांभळ्या उजेडात नाड्यांनी बांधलेली काळी झाडं, मोजा, चिलटांचं कव्हर. त्यांनी भक्तिभावाने सगळं पाहिलं. मी बशीतला एक टोमॅटो त्यांच्या हातावर ठेवला. म्हटलं, "काका, हेच आहे. टोमॅटो."

त्यांनी टोमॅटो वळवून पाहिला, वास घेतला आणि डोळा मिचकावला. "टोमॅटो," ते म्हणाले. खिशातून रुमाल काढून त्यात तो नीट गुंडाळला. दारापर्यंत गेले आणि परत वळले.

"खायचा की चोळायचा?"

"खायचा."

"जेवणाआधी की नंतर?"

"कधीही."

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत उभे होते. इकडेतिकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला.

"फरक आहे."